तेरा वर्षांच्या मुलीसाठी नवीन पुस्तक

मी संशयी बाई आहे. शेजारणीनं न मागता वाटीभर आमटी आणून दिली, की मी वाटी हातात घ्यायच्या आधी विचारते, "काय झालं?" घरचे म्हणतात, हिला देव जरी प्रसन्न झाला तरी ही आधी त्याचं आधार कार्ड बघेल. म्हणू देत. अशा स्वभावानं माझं आयुष्यात फारसं नुकसान झालं नाही. एकदा मात्र दुसऱ्याचं झालं, आणि ते आठवलं की अजून मला जेवण गोड लागत नाही.

सांगलीतल्या एका वाचनालयाच्या बालविभागात मी नोकरी केली. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पुस्तकं देणं-घेणं हे झालंच, पण माझं खरं काम होतं पुस्तकं सुचवायचं. रोज कुणीतरी येऊन उभं राहायचं, "मॅडम, मुलासाठी एखादं चांगलं पुस्तक सांगा की." त्या 'चांगलं'वर माझा पहिला संशय. बापाला मोबाइल सोडवणारं पुस्तक हवं असतं, आईला मार्क वाढवणारं. आजोबांचं तर वेगळंच, त्यांना स्वतः तिसरीत वाचलेलं हवं असतं आणि ते आता मिळत नाही म्हणून सगळा दोष माझा. मुलाला काय हवंय ते विचारावं, तर मूल घरी ठेवून आलेले असतात.

नव्या पुस्तकांचे गठ्ठे आले की मी त्यांच्यावरही विश्वास ठेवायची नाही. मुखपृष्ठ चकचकीत, मागं मोठमोठ्या लोकांची शाबासकी. मी पुस्तक मधूनच उघडायची. मधल्या पानावर एखादे काका, आजोबा नाहीतर बोलणारं झाड मुलांना गोळा करून काही समजावून सांगत असेल, तर तिथंच मिटायची. पण खरं सांगते, गेल्या काही वर्षांत आपल्याकडं मुलांची पुस्तकं फार सुधारली. घंटागाडी चालवणाऱ्या आईची गोष्ट आली. सगळ्या मॅचा हरणाऱ्या मुलींच्या संघाची आली. भंगारच्या दुकानात वाढलेल्या पोराची चित्रकथा आली, ती तर मुलं फाडून खायचीच बाकी होती. ह्या पुस्तकांच्या शेवटी तात्पर्य नसायचं. त्यावरून पालक भांडायला यायचे. "मॅडम, ह्यातनं पोरानं बोध काय घ्यायचा?" मी म्हणायची, "सकाळी चहा पिता, त्यातनं तुम्ही काय बोध घेता?"

मुलांवरही माझा विश्वास नव्हता. पुस्तक न वाचता परत करणारी कार्टी मी हजारांनी पाहिली. मी पुस्तक परत घेताना एकच प्रश्न विचारायची, "ह्यातलं कुठलं पान कंटाळवाणं होतं?" ज्यानं वाचलंय तो लगेच सांगतो, ते जंगलाचं वर्णन लय लांबवलंय, मधलं पत्र उगीच घातलंय. ज्यानं वाचलं नाही तो म्हणतो, सगळंच छान होतं. मग मी पुस्तक तसंच त्याच्या हातात परत ठेवायची.

तर अशा माझ्या टेबलासमोर एका गुरुवारी संध्याकाळी एक माणूस येऊन उभा राहिला. चाळिशीचा असेल. कुपवाडच्या कारखान्यात कामाला, हे विचारावं लागलं नाही. हाताला हेल्मेट लटकलेलं, नखं काळी, आणि शर्टाला ऑइलचा वास. बालविभागात सतरंजी असते, तर हा चप्पल बाहेर काढूनसुद्धा सतरंजीच्या कडेकडेनं आला.

"म्याडम, तेरा वर्षाच्या पोरीला वाचाय काय नवीन हाय?"

"नवीन म्हणजे?"

"यंदाचं. तिच्या शाळंत नसंल असं. दुसऱ्या कुणी तिला दिलं नसंल असं."

असं मला आजवर कुणी मागितलं नव्हतं. चांगलं नाही, नवीन. दुसऱ्या कुणी दिलं नसेल असं. हा दुसरा कोण? माझे कान तिथंच टवकारले. पण मागणी होती मला आवडणारी, म्हणून मी त्याला हरणाऱ्या संघाचं पुस्तक दिलं. नियमानं बालविभागाची पुस्तकं मुलाच्या कार्डावरच द्यायची असतात. त्यानं त्याच दिवशी स्वतःचं, मोठ्यांच्या विभागाचं कार्ड काढलं होतं. मी म्हटलं, असू दे, ह्याच्यावरच देते.

पुढच्या गुरुवारी तो परत हजर. पुस्तक परत, आणि पुन्हा तेच, "नवीन काय हाय?" असे पाच-सहा गुरुवार गेले. आणि माझ्या मनात किडा वळवळायला लागला.

एक तर पोरगी कधी दिसली नाही. दुसरं म्हणजे तेरा वर्षांच्या मुलीनं वाचलेलं पुस्तक मला लांबून ओळखू येतं. पानात केसाची पिन सापडते, कोपऱ्याला चिवड्याचं तेल लागलेलं असतं, नाहीतर कुणाचं तरी नाव पेन्सिलीनं लिहून खोडलेलं असतं. ह्याच्या पुस्तकात तसलं काही नसायचं. पानांच्या खालच्या कोपऱ्यात नुसते काळपट डाग. ही असली बोटं पोरीची कशी असतील?

"मुलीला घेऊन या की एकदा," मी म्हटलं.

"ती गावाकडं असती. उंब्रजच्या अलीकडं."

माझं माहेर तिथलंच, एस.टी.नं दोन-अडीच तासांवर. उंब्रजच्या पोरीला वाचायला सांगलीहून पुस्तक न्यायचं आणि आठ दिवसांत परत आणायचं? पाणी कुठंतरी मुरत होतं. त्यातच एकदा मी त्याला जिन्याखाली उभा राहून मोबाइलवर पुस्तकाच्या पानांचे फोटो काढताना पकडलं. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणतो, "असंच. चाच्या सुट्टीत बघाय." आणि नंतर एकदा हळूच मला म्हणाला, "म्याडम, ह्या वयाच्या पोरीस्नी काय आवडतं वो?"

"तुमची मुलगी ना? तुम्हाला माहीत नाही?"

तो हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला.

मी रोज पेपर वाचते. परका पुरुष, तेरा वर्षांची मुलगी, पुस्तकाचं आमिष, ह्या तीन गोष्टी माझ्या डोक्यात एका ओळीत येऊन बसल्या, त्या उठेनात. ही पोर ह्याची नसलीच तर? त्या विचारानं मला घाम फुटला, आणि लगेच आपण किती हुशार, असंही वाटलं. खोटं कशाला सांगू, दोन्ही एकदमच वाटलं.

मग मी नियम काढला. बालविभागाच्या कार्डाला मुलाचे दोन फोटो, पालकाची सही आणि शाळेचा बोनाफाईड लागतो. म्हणजे हे मूल आमच्या शाळेत अमुक इयत्तेत शिकतं, असा हेडमास्तरांच्या सही-शिक्क्याचा कागद. आपल्याकडं बोनाफाईडशिवाय कुठलंच मूल अस्तित्वात नसतं. ते समोर उभं राहून शिंकलं तरी त्याचा पुरावा धरत नाहीत. फोटो आणि सही मी सगळ्यांकडून घ्यायची. पण त्या बोनाफाईडच्या अटीवर कित्येक वर्षं धूळ बसली होती. मी स्वतःच कुणाला विचारत नव्हते. ह्याच्यासाठी म्हणून मी ती झटकून काढली.

"आता मुलीच्या कार्डाशिवाय पुस्तक मिळायचं नाही. तिच्या शाळेतनं बोनाफाईड आणा. त्यावर वडिलांचं नाव असतं, ते बघून मी कार्ड करते."

त्यानं हेल्मेट दुसऱ्या हातात घेतलं. "आणायलाच पायजे का?"

"का? अडचण आहे का काही?"

"न्हाई. बघतो," म्हणाला आणि कडेकडेनं निघून गेला.

पुढचा गुरुवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. तो काही फिरकला नाही. चोराच्या मनात चांदणं, मी मनाशी म्हटलं. घरी जाऊन जेवताना सगळ्यांना सांगितलं, बघा, कागद मागितल्याबरोबर गडी पसार. सगळ्यांनी मान डोलावली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग एका दुपारी एक बाई मुलीला घेऊन आली. एस.टी.तून उतरून थेट आलेली दिसत होती. केसांवर धूळ, खांद्याला पर्स, आणि चेहरा असा की मी उठून खुर्ची दिली तरी बसली नाही. मुलगी उंच, शेलाटी, ड्रेसच्या बाहीची कड चावत होती.

"बोनाफाईड मागणाऱ्या मॅडम कोण?"

"मी. का हो?"

"म्हणजे खरंच मागितला होता?"

"मागितला होता. पण तुम्ही कोण?"

तिनं मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "मी हिची आई. आमचं कोर्टात चालू आहे. ही माझ्याकडं असते, माझ्या माहेरी. ह्यांनी तिचा ताबा मागितलाय. निकाल लागेपर्यंत महिन्यातनं दोन शनिवार कोर्टाच्या आवारात दोन तास भेट, असं ठरवून दिलंय. आणि मध्येच एक दिवस हे तिच्या शाळेत जाऊन उभे राहिले. बोनाफाईड द्या म्हणाले. शाळेतनं मला फोन आला. मी काय समजायचं, सांगा तुम्ही? माझ्या पाठीमागं दुसऱ्या शाळेत घालायला निघालेत, असंच ना? मी वकिलांना गाठलं. शनिवारच्या भेटी थांबवल्या."

"किती दिवस झाले?"

"दोन महिने होतील. ते शपथेवर सांगत होते, वाचनालयानं मागितलाय म्हणून. मी म्हणलं, थाप मारायची तर जरा बरी तरी मारा. गोष्टीच्या पुस्तकाला कोण बोनाफाईड मागतं?"

"मी मागते," मी म्हटलं. दुसरं काय बोलणार?

मुलगी तोवर कपाटापाशी गेली होती. नव्या पुस्तकांच्या फळीवरून बोट फिरवत ती पुटपुटत होती, "हे माझ्याकडं आहे. हे पण. हे पण आहे." घंटागाडीचं, हरणाऱ्या संघाचं, भंगारच्या दुकानाचं. मी चक्रावले. ही पुस्तकं तर तिच्या बापानं मला परत केलेली, मग हिच्याकडं कुठून आली?

मुलगी माझ्याकडं वळली. "मॅडम, पप्पा ही पुस्तकं खरंच वाचतात का? की तुम्ही त्यांना गोष्ट सांगता आणि ते येऊन मला सांगतात?"

"म्हणजे गं?"

"ते प्रत्येक भेटीला नवीन पुस्तक आणतात. कोरं. आणि मागच्या पुस्तकाबद्दल बोलत बसतात. मी काही बोलत नाही. नुसती ऐकते."

"का बोलत नाहीस?"

"आधी खरं आहे का बघते."

अगं बाई, मी मनात म्हटलं, ही तर माझ्याच वळणाची. मी तिला खरं तेच सांगितलं. "मी त्यांना कधीच गोष्ट सांगितली नाही. पण ते वाचतात का, ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही."

"मुलांनी पुस्तक वाचलंय का नाही, हे तुम्ही कसं ओळखता?"

"कुठलं पान कंटाळवाणं होतं, ते विचारते."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"मग पप्पांनाच का नाही विचारलं?"

आई म्हणाली, "गप गं, मोठ्यांना असं बोलतात का?" पण तिनंही माझ्याकडं तसंच बघितलं. त्याचं गाव विचारलं, त्याच्या मोबाइलवर डोळा ठेवला, त्याच्या पोरीचा कागद मागितला. तो वाचक असेल, एवढा एकच संशय मला आला नाही. लाज वाटली, सरळ सांगते.

मी फळीवरून हरणाऱ्या संघाचं पुस्तक काढून तिच्या हातात दिलं आणि खालचे कोपरे दाखवले. तिनं पानं उलटली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, उजव्या कोपऱ्यात, अंगठ्याएवढा काळपट डाग. कुठं गडद, कुठं पुसट. मधलं एकही पान सुटलेलं नव्हतं. तिनं पुस्तक आईपुढं धरलं. "सगळ्या पानांवर आहे, मम्मी." आईनं बघितल्यासारखं केलं आणि पर्समध्ये रुमाल शोधायला लागली.

मग मी वाचनालयाच्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहून दिलं, की बोनाफाईड आम्हीच मागितला होता, फक्त पुस्तकाच्या कार्डासाठी. शिक्का मारला, खाली सही केली. आईनं तो कागद दोनदा वाचला, घडी घातली. "मी वकिलांना देते," म्हणाली. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "मॅडम, माझंही मन खात होतं. पण आपण बाईमाणूस, ताकही फुंकून प्यायला लागतं." मी म्हटलं, "मला कुणाला सांगताय?"

त्यानंतर तिसऱ्या गुरुवारी तो आला. आता मीच उठून दारापर्यंत गेले.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "तुमच्या भेटी माझ्यामुळं गेल्या."

"ऱ्हाऊ दे वो म्याडम. तुमच्या कागदानं शनिवार परत चालू झालं. तुमी नियमानं मागितलं."

"नियम फक्त तुम्हालाच लावला होता मी."

"ते म्हाईत होतं मला." अगदी सहज म्हणाला. "माझ्या म्होरंच एका ताईला बिगर कागदाचं कार्ड दिल्यालं तुमी."

"मग तेव्हाच भांडला का नाहीत?"

"काय भांडायचं? पोरगी माझीच हाय, हे कोर्टात सांगतोय. आता पुस्तकाच्या कपाटापशीबी तेच सांगत बसू?"

मी त्याला सतरंजीवर बसवलं, चहा मागवला. मग त्यानं एकेक सांगितलं. वाचनालयाचं पुस्तक तो स्वतः वाचायचा, कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत आणि पाळी सुटल्यावर. पटलं तर दुकानातनं कोरी प्रत मागवायचा आणि ती पोरीला द्यायचा. मी म्हटलं, मग कोरीच का नाही वाचत? तर त्यानं दोन्ही पंजे माझ्यापुढं धरले. "ह्या हातानं वाचल्यालं तिला कसं द्यायचं? धुतलं तरी जात न्हाई." आणि फोटो? तर पुस्तक परत केल्यावर काही विसरायला नको म्हणून. "दोन तास असत्यात म्याडम. पयल्या भेटीत, जेवलीस का, शाळा कशी हाय, ह्यात धा मिनटं गेली. पुढं काय बोलायचं? ती भिताडाकडं बघती, मी बुटाकडं. मग म्हणलं, काय तरी दोघांचं पायजे."

त्या दिवशी त्याला पुस्तक निवडून देताना माझी फे फे उडाली. आजवर मी बिनधास्त पुस्तकं सुचवत आले. आता प्रत्येक पुस्तकावर वेगळाच संशय. हे उघडावं तर ह्यात बाप घर सोडून गेलेला. ते उघडावं तर त्यात आईला दुसरी नोकरी आणि पोरगं वसतिगृहात. ह्या नव्या लेखकांना झालंय तरी काय, एकाचं तरी घर धड असू नये? ह्याच गोष्टींसाठी मी त्यांचं कौतुक करत होते, आणि आता मीच चडफडत होते. उद्या कुणाच्या वकिलानं विचारलं, हे पुस्तक कुणी सुचवलं, तर?

शेवटी मला एक सापडलं, अगदी निर्धोक. एका मुलीची आणि तिच्या कुत्र्याची गोष्ट. गाव बदलताना कुत्र्याला जुन्या गावी शेजाऱ्यांकडं ठेवावं लागतं. मुलगी काही महिन्यांनी दोन एस.टी. बदलून एकटी त्याला आणायला जाते. कुत्रा तिला ओळखतो, अंगावर उड्या मारतो. पण आता त्याचं तिथलं एक कुटुंब झालेलं असतं. मुलगी दिवसभर त्याच्याशी खेळते आणि संध्याकाळी पट्टा पिशवीत घालून एकटीच परत येते. आई नाही, बाप नाही, कोर्टकचेरी नाही. मी सुटकेचा श्वास सोडला. "हे न्या," म्हटलं. "छान आहे."

चार आठवडे तो आला नाही. माझ्या मनात पुन्हा शंभर शंका. मग एका गुरुवारी आला, तो सतरंजीवरून सरळ चालत टेबलापर्यंत. पुस्तक माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाला, "बोलली."

"काय?"

"पोरगी बोलली म्याडम. भांडली माझ्यासंगं. दोन तास पुरलं न्हाईत." त्याचा चेहरा हसरा होता आणि डोळे लाल. "मी म्हणलं तिला, मला न्हाई पटला ह्या पुस्तकाचा शेवट. एवढी वाट बघितली, दोन यष्ट्या बदलून गेली, कुत्रं दारात हाय, पट्टा पिशवीत हाय, आणि मोकळ्या हातानं परत? आपलं होतं ते. आणायलाच पायजे होतं. तर मला म्हणती कशी, पप्पा, कुत्र्याला कुणी विचारलं का?"

"मग?"

"मी म्हणलं, बरोबर हाय, इचारायला पायजे होतं. कुणाकडं ऱ्हायचं ते त्येलाच इचारायचं. तर तशी उसळली वो. म्हणती, दोघंबी समोर उभं आणि त्यानं एकाकडं जायचं? मग दुसऱ्याकडं त्यानं परत बघायचं कसं?"

बालविभागात तेव्हा दोन-तीन मुलं होती. ती वर बघायला लागली. मी त्यांना खुणेनं बाहेर पाठवलं. मला आता कुठं कळायला लागलं होतं, मी कसलं निर्धोक पुस्तक दिलं होतं ते.

तो स्टुलावर बसला. "पुढल्या तारखेला जजसायेब तिला आत बोलवून इचारणार हायत म्याडम. कुणाकडं ऱ्हायचं म्हणून. माझं वकील म्हणत्यात, पोरगी आता बोलाय लागलीया, आपल्या बाजूनं जाईल. तुमी एवढी पुस्तकं वाचल्यात. तुमी सांगा. त्या पोरीनं कुत्रं आणायला पायजे होतं का न्हाई?"

मी आयुष्यभर लोकांना पुस्तकं सुचवली. पण त्या पुस्तकाचं पुढं काय करायचं, असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मला वाटलं, सांगावं, आणायला पाहिजे होतं. त्याच्या चेहऱ्याकडं बघून तसंच सांगावंसं वाटलं. ह्या माणसाचं एकदा मी वाटोळं केलं होतं, आता निदान त्याच्या बाजूनं तरी बोलावं. पण तो शेवट मला पटला होता, आणि पुस्तकाबाबत मी आजवर कुणाशी खोटं बोलले नाही.

"नव्हतं आणायला पाहिजे," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. पुस्तकावर हात ठेवला. मग म्हणाला, "मंग तारखेच्या दिवशी मीच आदी सांगतो सायबास्नी. ऱ्हाऊ दे आईपशी. माझं दोन शनिवार तेवढं ठेवा."

"अहो, थांबा. एवढं घाईनं ठरवू नका. वकिलांना विचारलंत का?"

"न्हाई. त्यास्नी इचारलं की ते म्हणणार, थांबा, आदी पोरगी काय म्हणती बघू." तो उठला. "आणि मी थांबलो म्याडम, तर तिला सायबाम्होरं बोलाय लागंल."